पाच दिवसांची आग

चिंचवड,
९ जानेवारी १९५८

युसुफभाई,

तुमचा पत्ता स्टेशनाजवळच्या रहिमान सायकलवाल्याकडून मिळाला. तो द्यायला तयार नव्हता. तुमचाच मावसभाऊ तो, तुमचा शब्द मोडणार कसा? तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी पंक्चर काढता काढता, मान वर न करता म्हणाला, "भुसावळ. मालधक्क्यामागं कोळशाची वखार हाय, तिथं. पण मास्तर, तो पत्र वाचंल का न्हाई, ते मला इचारू नका."

साडेतीन वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय ते कामासाठी, असं समजा.

इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका दुर्गाबाई यांनी मार्चमध्ये माझं व्याख्यान ठेवलंय. विषय, देशोदेशीची शिल्पं. ऐकणारी गावातली मोठी माणसं असतील, शिवाय पिंपरीच्या कारखान्यात आलेले नवे लोक, निर्वासित कॅम्पातले सिंधी. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र बाईंनी पुण्याहून मिळवलंय. आपल्या शेडमधली चित्रांची पेटी मी बाहेर काढली. परदेशी मासिकांतून कापलेली तीच पानं. दुपारी भाकरी खाऊन झाली की आपण तिघं ती पोत्यावर पसरून बसायचो. मी मातीत मूर्ती घडवणारा, तुम्ही ती धातूत ओतणारे आणि बरकत तुमचा धाकटा भाऊ, भट्टीवरचा तुमचा उजवा हात. वाद मात्र तिघांचे तीन.

नटराजाच्या चित्रावर तुम्ही काय बोलला होतात, ते मला तुमच्याच शब्दांत हवंय. मी सांगत होतो की हजार वर्षांपूर्वी तमिळ मुलखातल्या राजांच्या काळात ह्या मूर्ती धातूच्या घडल्या, देवाला उत्सवात बाहेर मिरवता यावं म्हणून. पायाखालचा बुटका म्हणजे अज्ञान, वर उचललेला पाय म्हणजे आसरा, पुढचा हात म्हणतोय भिऊ नकोस. तुम्ही डबा बंद करत म्हणालात, "मास्तर, पाय सोडा. भवतीचं ते आगीचं कडं बघा. एवढ्या बारीक कड्यात रस समदीकडं पोचलाय. म्हंजे त्या बाबानं साचा किती सबुरीनं भाजला आसंल."

आणि बरकत हसत म्हणाला होता, "द्येव नाचतोय, आन् ह्यांना साचा दिसतोय."

एवढं आठवतं. पुढं तुम्ही आणखी काही बोलला होतात. ते कळवा.

शेड आता बहुतेक बंदच असते. आपला भट्टीवरचा गडी भैरू येतो, झाडतो, बसतो. मी मातीचं थोडं काम करतो. ओतकाम करत नाही.

नजमाभाभींना सलाम सांगा.

उद्धव लोंढे

चिंचवड,
३ फेब्रुवारी १९५८

युसुफभाई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो, तरी रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला दाराशी जातो.

गेल्या रविवारी भैरूला घेऊन चिखलीला गेलो होतो. देवळामागचा वीरगळ पाहायचा होता. तुम्ही तो पाहिलेला आहे, आबाजींच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी दगड शोधायला गेलो होतो तेव्हा. अर्धा मातीत गेलाय. खालच्या पट्टीत गाई आणि लढणारा माणूस, मधल्या पट्टीत दोन अप्सरा त्याला दंडांना धरून वर नेताहेत, वरच्या पट्टीत तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय. गावाची गुरं सोडवताना मेलेला कुणी तरी. नाव नाही. जखमसुद्धा नाही. एक पट्टी संपते, दुसरी सुरू होते, आणि मधे जे काही झालं असेल ते पाथरवटानं कोरलेलंच नाही.

त्याच्यासमोर पडद्यावर मी तो मरणारा गॉल दाखवणार आहे. तुम्हाला आठवत असेल, उघडा माणूस, गळ्यात पिळाचं कडं, ढालीवर बसलाय, बरगडीखाली जखम, एका हातावर कसाबसा तोललेला. ग्रीकांनी त्याच्या गॉल टोळीला हरवलं आणि विजयाचं स्मारक म्हणून हरलेल्याचा पुतळा केला. पुढं रोमनांनी त्याची नक्कल संगमरवरात केली. मी तुम्हाला म्हणालो होतो, शत्रूला इतक्या मायेनं कोणी घडवतं का? तुम्ही म्हणालात, "माया न्हाई ती. आपण केवढ्याला मारला, ते दावायचंय त्यांना." हे मी व्याख्यानात तुमच्या नावानं सांगणार आहे.

बरकतनं तेव्हा चित्र उजेडाला धरलं. मग म्हणाला, "ह्याला कुनी पानी दिलं न्हाई का?"

कार्ल्याच्या दारावरची जोडपीही घेतली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंच्या लेण्याच्या तोंडाशी हसरी, धडधाकट बाई-माणसं कोरायला कुणाला संकोच वाटला नाही. लग्नानंतर बरकत मुमताजभाभींना ती दाखवायला घेऊन गेला होता. परत आला तो सांगत, "मास्तर, त्या बाईचा हात नवऱ्याच्या खांद्यावर हाय. आमची कधी ठेवती का बघतो आता."

आबाजींचा पुतळा शेवटी मुंबईच्या ओतशाळेत ओतून आणला, हे तुम्हाला रहिमाननं कळवलं असेल. पंधरा ऑगस्ट हुकला. सव्वीस जानेवारीला उद्घाटन झालं. मंत्री आलेच नाहीत. बेचाळीसच्या चळवळीत गोळी लागून गेलेला साधा शेतकरी, आणि समितीनं त्याला दोन पुरुष उंच चौथऱ्यावर चढवलंय. रस्त्यावरून त्याच्या चपलाच दिसतात.

आणखी एक गोष्ट. तुमच्या अम्मांच्या मातीला मी चाकणला आलो होतो. तुम्ही कब्रस्तानच्या भिंतीबाहेर रस्त्यापलीकडे उभे होतात. तुम्हाला आत कोणी बोलावलं नाही. मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही मला पाहिलंत की नाही, माहीत नाही. मी मागच्या मागे निघून गेलो.

उद्धव

चिंचवड,
२२ फेब्रुवारी १९५८

युसुफभाई,

तुमचं कार्ड काल मिळालं. अक्षर तुमचं नाही, वखारीतल्या कुणाकडून लिहवून घेतलं असावं. शब्द मात्र तुमचेच. "मास्तर, मूर्तीचं मला इचारू नका. माझा अंदाज चुकला आन् भाऊ गेला. अम्मानं मरेपर्यंत माझं तोंड बघितलं न्हाई, ते बराबर केलं तिनं. मी धातूला हात लावत न्हाई. पुन्हा पत्र नको."

पुन्हा पत्र नको म्हणालात, तरी हे लिहितोय.

एवढं मनाला लावून घेऊ नका. पावसाळ्याचे दिवस होते. अशा हवेत भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. पंचनाम्यातही अपघात असंच लिहिलंय. तुमच्या हातून झालं असं मी कधी

वरचं वाक्य पुरं होत नाही. राहू द्या.

व्याख्यानासाठी दोन चित्रं उरली होती, तीही ठरली. एक मायकेलअँजेलोची मेरी, मांडीवर मेलेला मुलगा घेऊन बसलेली. साडेचारशे वर्षांपूर्वीची. मुलगा तेहतीस वर्षांचा आणि आई त्याच्याहून लहान दिसते. ती रडत नाही. डावा हात नुसता उघडा ठेवलाय, जणू समोरच्याला म्हणतेय, बघा. ख्रिस्ती माणूस त्या मरणात स्वतःची सुटका पाहतो. आपल्याकडचा माणूस नुसती आई पाहतो. अंबूबाई, दुर्गाबाईंच्या शाळेतल्या शिपाईण, परवा माझ्या टेबलावरचं चित्र बघून म्हणाल्या, "हिला कुणी तरी उठवा आता. पाय मुंगलं असत्याल."

दुसरं फ्रान्समधलं, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं ओतकाम. वेढ्यात सापडलेल्या कॅले शहरातले सहा प्रतिष्ठित लोक शत्रूच्या राजाकडे मरायला निघालेत. गळ्यात दोर, अंगावर नुसते झगे, एकाच्या हातात शहराची किल्ली. राजानं अट घातली होती, सहा जण द्या, म्हणजे बाकीच्यांना सोडतो. सहाही एकत्र चाललेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाही. एकानं डोकं दोन्ही हातांत धरलंय. घडवणाऱ्याचा आग्रह होता की चौथरा नको, सहाही जण रस्त्याच्या दगडांवरच उभे करा, लोकांच्या खांद्याला खांदा लागू द्या. गावाला ते पटलं नाही. बऱ्याच वर्षांनी, घडवणारा गेल्यावर, खाली उतरवले.

हे सहा जण दुसऱ्यांसाठी स्वतः निघाले, एवढंच मी लोकांना सांगणार आहे.

उद्धव

चिंचवड,
११ मार्च १९५८

युसुफभाई,

हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नका, वेळ लागला तरी स्वतः वाचा. म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढतोय.

व्याख्यान शनिवारी झालं. सभागृह भरलं होतं. मी दीड तास बोललो. नटराज, कार्ला, गॉल, वीरगळ, मेरी, ते सहा जण. लोकांना आवडलं. दुर्गाबाई म्हणाल्या की शाळेच्या अंकात छापू. लोक गेल्यावर भैरू पडदा गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता थांबला.

"मास्तर, समद्या मेलेल्यांचं सांगितलंत. बरकतचं न्हाई सांगितलं."

मी म्हणालो, "त्याचा इथं काय संबंध?"

"आग म्या काढली," तो म्हणाला. "ह्या हातांनी. तुमी सांगितलं म्हनून काढली. तुमी गप ऱ्हाय म्हनला, म्हनून गप ऱ्हायलो. आता माझ्यानं व्हत न्हाई. पोराच्या लग्नाआधी मला हे वजं उतरवायचंय. तुमी लिवा, न्हाई तर मी जातो भुसावळला."

तेव्हा भैरू सांगेल त्याआधी आपणच सांगावं म्हणून मी हे लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. ते खरं आहे. त्यानं बोट धरून उठवलं नसतं तर मी अजून दोन-चार पत्रं शिल्पांचीच लिहिली असती.

आता जे झालं ते लिहितो.

२१ जुलै १९५४ ला आपण आबाजींच्या पुतळ्याच्या साच्याभोवती आग लावली. २३ ला चाकणहून निरोप आला की अम्मा तापानं फणफणल्या आहेत. तुम्ही आणि बरकत दोघंही निघालात. जाताना तुम्ही शेडच्या दारात मला म्हणालात, "मास्तर, पाच दीस आग हलवायची न्हाई. पावसाची हवा हाय. पाचाचे सा झाले तरी चालतील, चार नको." मी हो म्हणालो.

२४ ला दुपारी समितीचे लोक आले. पंधरा ऑगस्टला मंत्री येणार हे पक्कं झालं होतं. पत्रिका छापायला गेल्या होत्या. माझा हा पहिला मोठा पुतळा. साचा निवायला वेळ, खड्ड्यात पुरायला वेळ, ओतल्यावर घासायला, रंग चढवायला दोन आठवडे. मी बोटांवर दिवस मोजले आणि ते पुरत नव्हते. साच्यातलं मेण वितळून गेलेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, मेण गेलं म्हणजे झालं. भैरूला म्हणालो, आग काढ. तो म्हणाला, मिस्त्री पाच दीस म्हनले व्हते. मी म्हणालो, मिस्त्रीला मी सांगतो.

तीन दिवस आग होती, युसुफभाई. पाच नव्हती.

तुम्ही २८ ला परत आलात. साचा गार होता. तुम्ही विचारलंत, आग किती दिवस ठेवली? मी म्हणालो, "पाच. परवा काढली." तुम्ही वाफेच्या भोकावर आरशाचा तुकडा धरलात. तो धूसर झाला. तुम्ही म्हणालात, "आत ओल हाय, मास्तर." मी हसलो. म्हणालो, "अहो, पावसाळा आहे. आरसा कुठंही धरा, धूसर होईल." तुम्ही थोडा वेळ साच्याला हात लावून उभे राहिलात. मग म्हणालात, "पाच दीस झाल्यात म्हंजे बास हाय."

तुम्ही हे शब्द उच्चारलेत तेव्हा मला थांबवता आलं असतं. त्या रात्री थांबवता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली तेव्हाही. तुम्ही रसानं भरलेली मूस दांड्यावर उचलली, पुढच्या टोकाला बरकत, मागच्या टोकाला तुम्ही, तेव्हासुद्धा तोंडातून एक शब्द काढला असता तर पुरे होतं. मी लांब खांबाशी उभा होतो. माझ्या मनात मंत्र्यांच्या गाडीचा विचार होता.

पहिला रस आत गेला, साच्यात उरलेल्या ओलीची वाफ झाली आणि जमिनीतून गुरगुर आली. तुम्ही ओरडलात, "सोड, बरकत, मागं हो!" त्यानं सोडली नाही. त्यानं टोक सोडलं असतं तर मूस तुमच्या पायांवर उलटली असती. तुम्हाला हे माहीत आहे. साच्यातून उसळलेला रस त्याच्या छातीवर आणि पायांवर आला.

पुढचे तीन दिवस तुम्ही दवाखान्यात त्याच्याजवळ होतात. मी रोज येत होतो, व्हरांड्यात उभा राहत होतो. तुम्हाला वाटलं की माझ्यानं बघवत नाही म्हणून आत येत नाही. पहिल्या ऑगस्टला त्यानं पाणी मागितलं. नर्स म्हणाली, ओठ नुसते ओले करा. तुम्ही बोट बुडवून करत होतात. मी दारातून पाहिलं आणि जिना उतरून गेलो. खाली गेल्यावर थोड्या वेळानं वर रडणं ऐकू आलं. तुमचं नव्हतं, मुमताजभाभींचं होतं.

पंचनाम्याच्या वेळी फौजदारानं मला विचारलं की साचा भाजायचं काम कोणाचं. मी म्हणालो, मिस्त्रीचं. किती दिवस भाजला? पाच. मग स्फोट का झाला? मी म्हणालो, "मिस्त्रीचा अंदाज चुकला असावा." तुम्ही बाजूलाच उभे होतात. तुम्ही मान हलवलीत. माझं खोटं तुम्ही खरं मानलंत, आणि घरी जाऊन अम्मांनाही तसंच सांगितलंत की माझा अंदाज चुकला.

तुमचा अंदाज चुकला नव्हता. आरसा धरला तेव्हाही नव्हता. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, तेवढंच.

माफी मागत नाही. ती मागायला जी जागा लागते, ती माझ्याकडे नाही. हे रजिस्टर पोस्टानं पाठवतोय, हरवू नये म्हणून.

उद्धव लोंढे

चिंचवड,
३ एप्रिल १९५८

युसुफभाई,

रजिस्टरची पोच आली. खाली तुमची सही होती. तुम्ही काही कळवलं नाहीत, ते बरोबरच आहे. पण तुमच्या माघारी इथं काय काय झालं, ते तुम्हाला कळायला हवं.

परवा चाकणला गेलो, भैरूला बरोबर घेऊन. रोजे चालू आहेत. मुमताजभाभी ओट्यावर शिवणयंत्राशी बसल्या होत्या. त्यांची पोर शमीम आतून मला सलाम करून गेली. बरकतसारखंच कपाळ आहे. मी ओट्याखाली उभा राहून सगळं सांगितलं. जसं तुम्हाला लिहिलं, त्याच क्रमानं. भाभींनी यंत्रावरचा हात काढला नाही.

मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "अम्मांच्या मातीला तुम्ही आला होता."

"हो."

"तवा तोंड होतं का तुमाला?"

त्यांनी मागच्या दाराकडे मान वळवली.

"भाईजान ह्या दारात आले होते," त्या म्हणाल्या. "अम्मा आत शेवटच्या घटका मोजत होती. त्यांनी कडी वाजवली. अम्मा म्हणाली, नको. मीच उठले आन् आतनं अडसर घातला. माझ्या हातानं. ते अर्धा तास बाहेर उभे होते. मला पाऊल वाजलेलं ऐकू येत होतं." मग त्या भैरूकडे वळल्या. "तुला रं? तुला सांगता येत न्हवतं?"

भैरू म्हणाला, "न्हाई सांगितलं, बाय. भ्यालो."

भाभी उठल्या. डोक्यावरून पदर घेतला. म्हणाल्या, "मला एकटीला सांगून भागायचं न्हाई. चार वरसं समदं गाव त्यांना भाऊखाऊ म्हणतंय. गावाला सांगा."

दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांखाली माणसं जमली. मी पुन्हा सांगितलं. दीड तास व्याख्यान देणारा मी, पाच मिनिटांचं बोलताना तीनदा अडखळलो. कुणी हात उगारला नाही. एक म्हातारे गृहस्थ, नाव विचारायचं धाडस झालं नाही, एवढंच म्हणाले, "तुम्ही मोठी माणसं. तुमचं खोटं चालतं, म्हणून आमचं खरं कुणी इचारत न्हाई." मग मला अम्मांच्या कबरीपाशी घेऊन गेले. तिथं उभं राहूनही सांगायला लावलं. मी सांगितलं. ऐकायला कोणी नव्हतं, हे मला सगळ्यात जड गेलं. अठ्ठावन्नमध्ये जे मी मातीला सांगितलं, ते छप्पन्नमध्ये त्यांच्या कानात सांगता आलं असतं. त्या तुम्हाला आत बोलावून गेल्या असत्या.

तिथून पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार नवे आहेत. म्हणाले, "जुनं प्रकरण बंद झालंय. कशाला उकरून काढता? तुमच्यावरच येईल." मी म्हणालो, यावं म्हणूनच आलोय. त्यांनी जबाब लिहून घेतला. भैरूचाही घेतला. मी भैरूला म्हणालो की तुझी सही नको, मी एकटा पुरे आहे. त्यानं ऐकलं नाही.

दुर्गाबाईंना व्याख्यान छापू नका असं कळवलं, कारणही कळवलं. त्यांनी चिठ्ठी पाठवली. "शिल्पांबद्दल तुम्ही जे बोललात त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच वाईट वाटतं."

उद्धव लोंढे

चिंचवड,
२७ एप्रिल १९५८

युसुफभाई,

हे शेवटचं पत्र. तुम्ही समोर आलात तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

ईद चाकणला केलीत, हे रहिमाननं सांगितलं. शेडवर याल असं वाटलं नव्हतं. गुरुवारी सकाळी मी दारात वळलो तर तुम्ही आत, खड्डा बुजवला त्या जागी उभे होतात. मी ओळखलं नाही आधी. केस पांढरे झालेत. कोळसा नखांत बसलाय. भैरू तुमच्या पायांशी बसून रडत होता आणि तुम्ही त्याला दंडाला धरून उठवत होतात. "तुला सांगितलं, तू केलंस. ऊठ," असं म्हणत होतात.

मला वाटलं, आता तुम्ही मला माराल. खरं सांगतो, माराल तर बरं, असं वाटलं.

तुम्ही म्हणालात, "मास्तर, चार वरसं मी रोज पहाटे उठून एकच आठवायचो. लाकडं वली होती का? आग एका अंगाला जास्त झाली का? गाभ्याची माती जाड झाली का? आरसा आणखी येकडाव धरायचा होता का? नमाजात सुद्धा तेच. नजमा म्हणायची, येडं व्हाल. पर त्यातच भाऊ होता माझा. रोज सकाळी तिथंच भेटायचा." मग विचारलंत, "आता उद्या उठून काय आठवू?"

 मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. तुम्ही उत्तराची वाट पाहत उभे होतात, हे मला दिसत होतं. मग तुम्ही चपला घातल्यात आणि गेलात.

ठाण्यातून समन्स आलंय. जूनच्या नऊ तारखेला पुण्याच्या कोर्टात. मी वकील दिलेला नाही. विचारतील ते सांगीन. तुम्हाला साक्षीला बोलावतील, तेव्हा आलात तरी माझ्याकडे पाहायला नको.

शुक्रवारी मी पुणे स्टेशनवर होतो. तुमच्या मागावर नव्हतो, कोर्टाची चौकशी करून चिंचवडची गाडी धरायला आलो होतो. भुसावळची गाडी लागली होती. लांबून पाहिलं. मुमताजभाभी आणि शमीम फलाटावर, तुम्ही आत खिडकीशी. भाभींनी जेवणाचं गाठोडं खिडकीतून आत दिलं. तुम्ही शमीमच्या डोक्यावर हात ठेवलात. शिट्टी झाली. गाडी हलली तशी भाभी खिडकीच्या गजांना धरून दोन पावलं चालल्या आणि काही तरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

आणि तुम्ही रडू लागलात. तोंड झाकलं नाहीत. शेजारचा माणूस बघत होता, तरी नाही. आवाज फलाटापर्यंत येत होता. बरकत गेला त्या दिवशी तुम्ही रडला नव्हतात. माती देतानाही नाही. अम्मांच्या वेळी भिंतीबाहेर उभे होतात, तेव्हाही नाही. मी तेव्हा मनात म्हणालो होतो, हा माणूस दगडाचा आहे.

आपल्याच हातून भाऊ मेला असं ज्याला वाटतं, त्यानं त्याच्यासाठी रडायचं कसं? साडेतीन वर्षं मी तुमचं रडणंसुद्धा अडवून धरलं होतं. हे मला त्या फलाटावर कळलं, गाडी गेल्यावर.

उद्धव लोंढे